जिभेच्या साक्षीवर जाऊ नका

आर्णीत शाळेत विज्ञान शिकवतो. थंडी पडली की आमच्या प्रयोगशाळेत एक उद्योग सुरू होतो. मुलांनी घरून, शेतातून, बाजारातून गोड लागणारं काहीही आणायचं आणि त्यात कोणती साखर आहे ते आपण बघायचं. डब्यांतून गूळ येतो, शिताफळाचा गर येतो, संत्र्याच्या फोडी येतात, कोणी मोहाची वाळलेली फुलं आणतं. कपाटात बेनेडिक्टचं निळं द्रावण तयार असतं. मोरचूद, धुण्याचा सोडा आणि सोडिअम सायट्रेट एवढंच त्यात असतं. मोरचुदाची ओळख इथल्या मुलांना करून द्यावी लागत नाही. संत्र्याच्या बागेला बोर्डो मिश्रण मारणाऱ्या घरात तो असतोच. स्टॅनले बेनेडिक्ट या अमेरिकी शास्त्रज्ञाने हे द्रावण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लघवीतली साखर ओळखण्यासाठी बनवलं. आम्ही त्यात अख्खा तालुका तपासतो. त्यातून जे हाती लागलं ते असं.

१. डब्यातली साखर ही साधी साखर नव्हे.

पहिल्या दिवशी मी मुद्दाम साखरेचंच पाणी घ्यायला लावतो. परीक्षानळीत थोडं निळं द्रावण, वर साखरपाण्याचे आठ-दहा थेंब, आणि नळी उकळत्या पाण्याच्या चंचुपात्रात. शेजारी दुसरी नळी, तिच्यात ग्लुकोजच्या पुडीतली चिमूट. ग्लुकोजची नळी आधी हिरवट होते, मग पिवळी, मग नारिंगी, आणि शेवटी विटेसारखा लाल गाळ तळाशी बसतो. साखरेची नळी निळी ती निळीच. "सर, ही साखर नकली आहे," असं कोणीतरी म्हणतंच.

साध्या शर्करा आपल्या खाण्यात मुख्यतः तीन: ग्लुकोज, फ्रुक्टोज, गॅलॅक्टोज. तिन्हींत सहा कार्बन, बारा हायड्रोजन, सहा ऑक्सिजन. हिशेब एकच, मांडणी वेगळी. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोजमध्ये तर फरक फक्त चौथ्या कार्बनावरच्या एका ओएच गटाच्या दिशेचा. तेवढ्यावरून एक रक्तातलं मुख्य इंधन ठरते आणि दुसरी पचवणारं विकर जन्मतःच नसेल तर आईचं दूधसुद्धा बाळाला बाधतं.

वाणसामानातली साखर म्हणजे सुक्रोज: एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज. बेनेडिक्टशी क्रिया करणारी टोकं दोघांचीही एकमेकांत गुंतलेली, जुवाला जुंपलेल्या बैलजोडीच्या मानांसारखी. मोकळं टोक उरत नाही, म्हणून रंग बदलत नाही. दुधातल्या लॅक्टोजमध्येही दोन शर्करा जोडलेल्याच असतात, पण तिथे एक टोक सुटं राहतं आणि नळी लाल होते.

ही मांडणी कोणी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. जर्मनीत एमिल फिशर यांनी फेनिलहायड्रॅझिन वापरून, स्फटिक पाडून, तर्काने ती १८९१ पर्यंत उलगडली. ग्लुकोजच्या साखळीचे सोळा संभाव्य प्रकार; त्यातला नेमका कोणता, हे त्यांनी कागदावर सिद्ध केलं. १९०२ चं नोबेल त्यांना मिळालं. त्या फेनिलहायड्रॅझिनने त्यांच्या तब्येतीची मात्र वाट लावली. दहावीच्या मुलांना सूत्रापेक्षा ही गोष्ट जास्त लक्षात राहते, आणि माझी त्याला हरकत नाही.

२. पाकात पिळलेलं लिंबू चवीपुरतं नसतं.

त्याच निळ्या राहिलेल्या साखरपाण्यात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकून काही मिनिटं उकळायचं, मग खायचा सोडा घालून आम्ल मारायचं, आणि पुन्हा बेनेडिक्ट. आता नळी लाल होते. आम्लाने जोडी सोडवली. सुक्रोजचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज झालं.

घरोघरी हे रसायन रोज चालतं. गुलाबजामांच्या पाकात लिंबू पिळलं की पाक साखरत नाही, हे आर्णीतल्या कुठल्याही आचाऱ्याला ठाऊक आहे. कारण एवढंच की लिंबाच्या आम्लाने काही सुक्रोज फुटतं आणि मग एकसारख्या रेणूंच्या रांगा लागून स्फटिक बनायला अडथळा येतो. बिस्किटाच्या पुड्यावर 'इन्व्हर्ट सिरप' छापलेलं असतं ते हेच फुटलेलं सुक्रोज. 'इन्व्हर्ट' का, तर सुक्रोजच्या द्रावणातून जाणारा ध्रुवित प्रकाश उजवीकडे वळतो आणि ते फुटलं की डावीकडे. फ्रुक्टोज डावीकडे ओढतं ते ग्लुकोजच्या उजवीकडच्या ओढीपेक्षा जास्त. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसातली साखर याच वळणावरून मोजतात. आमच्या जिल्ह्यात उमरखेडकडे पोफाळीला वसंत सहकारी साखर कारखाना आहे, म्हणून मुलांना कारखाना म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. त्याच्या आत पोलॅरिमीटर नावाचं यंत्र असतं हे मात्र सांगावं लागतं.

आता गूळ. तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातलं विकर हेच फोडण्याचं काम आम्लाशिवाय करतं. म्हणून शिळ्या उसाचा गूळ नीट बसत नाही, मऊ राहतो. आणि श्रावणात गुळाच्या ढेपेला पाझर फुटतो तो ढेपेतल्या सुट्या शर्करांमुळे. त्यांतलं फ्रुक्टोज हवेतलं पाणी ओढून घेण्यात फार तरबेज. गुळाचा खडा बेनेडिक्टमध्ये टाकला की नळी लाल होते आणि मुलं लगेच निष्कर्ष काढतात की गूळ वेगळा, साखर वेगळी. तसं नाही. गुळातही बहुतेक सगळं सुक्रोजच. त्याच्या सोबत थोडी सुटी शर्करा, पाणी, खनिजं आणि रंग. नळी लाल करायला ती थोडी पुरते.

३. हुरडा आणि केळं उलट्या दिशेने चालतात.

या एका गोष्टीवर मी दोन तास सहज घालवतो, आणि अभ्यासक्रम मागे पडला तरी घालवतो.

ज्वारीच्या कोवळ्या दाण्यात ताटाकडून साखर येत असते. दाणा दुधात असतो तेव्हा ती साखर म्हणूनच असते. दाणा भरत जातो तसतशी ती साखळीत गुंफली जाऊन तिचं पिष्ट होतं. हुरडा गोड लागतो तो या मधल्या काही दिवसांत. आठवडा-दहा दिवस उशीर झाला की तोच दाणा पिठूळ. गुळभेंडीसारख्या हुरड्याच्या वाणात ही गोडी जास्त आणि दाणा बोंडातून सुटायलाही सोपा. कणीस तोडल्यावरही दाण्यातली विकरं थांबत नाहीत. मक्याच्या कणसाचंही तसंच, सकाळी तोडलेलं संध्याकाळी कमी गोड. म्हणून हुरडा शेतातच, गोवऱ्यांच्या आरावर, तोडल्या तोडल्या भाजण्यात अर्थ आहे. आर विकरांना गप्प करतो. घरी आणून दुसऱ्या दिवशी तव्यावर परतलेल्या हुरड्याला हुरडा म्हणायला माझा जीव होत नाही.

केळ्याचं उलट. हिरव्या केळ्यावर टिंक्चर आयोडिनचा थेंब टाकला की काळानिळा डाग पडतो, भरपूर पिष्ट. पिवळं, ठिपके पडलेलं केळं घ्या, डाग जेमतेम. कच्च्या केळ्याच्या गरात वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा पिष्ट असतं आणि पिकल्यावर एखाद-दुसरा टक्का उरतं. बाकीचं सुक्रोज, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. एक मुलगी एकाच फण्यातली केळी रोज एक कापून आयोडिनची पट्टी करून चिकटवत गेली. त्या पट्टीइतकं चांगलं चित्र कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही.

ज्वारीचा धांडा मुलं उसासारखा चावतात तेही याच धड्यातलं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गोड धांड्याच्या ज्वारीवर मोठं काम केलं, 'मधुरा' नावाचा वाण काढला आणि त्याच्या रसाची काकवी बनवली. काकवीच का, साखर का नाही? या रसात सुक्रोजसोबत सुटं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज इतकं असतं की स्फटिक धरणं अवघड. आमच्याकडे कापूस, सोयाबीन आणि तुरीच्या गर्दीत ज्वारीच मागे पडली. धांडा चावायला मागणारी पोरं उरली आहेत, धांडे शोधावे लागतात.

४. रताळं घाईने शिजवू नये.

त्यात पिष्ट फोडून माल्टोज करणारं विकर असतं आणि ते गरम होताना काम करतं, फार तापलं की मरतं. कुकरच्या शिट्टीत त्याला वेळ मिळत नाही. चुलीच्या राखेत हळूहळू भाजलेलं महाशिवरात्रीचं रताळं म्हणूनच जास्त गोड. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो तेही माल्टोजच. तिथे काम लाळेचं.

५. मोहाच्या फुलाला साखर कारखाना लागत नाही.

मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाखाली फुलांचा सडा पडतो. मांसल, पिवळसर, आत पोकळ, बोटांनी दाबलं की चिकट रस. गोंड आणि कोलाम वस्त्यांवरची माणसं उजाडायच्या आत वेचून आणतात, अंगणात पसरतात; दोन-तीन उन्हांत ती मनुक्यासारखी तांबूस होतात. वाळलेल्या फुलात निम्म्याहून अधिक भाग साखरेचा, आणि त्यात ग्लुकोज-फ्रुक्टोज मुबलक. आमच्या नळीत मोहाचं पाणी सगळ्यात आधी लाल होतं, इतकं की दुसऱ्यांदा करताना ते पातळ करावं लागतं.

सुटी शर्करा तयार असली की यीस्टला काही फोडत बसावं लागत नाही. एका ग्लुकोजमागे दोन रेणू अल्कोहोल, दोन रेणू कार्बन डायऑक्साइड. मोहाची बदनामी इथून सुरू होते. इंग्रज सरकारला दारूवरच्या महसुलाची काळजी, म्हणून १८९२ मध्ये मुंबई इलाख्यात म्होवरा कायदा आला आणि ठाणे-कुलाब्याकडे फुलं बाळगण्यावरच बंधनं पडली. फूल हे जंगलातल्या लोकांचं पोट भरणारं अन्न आहे, भाकरीत मळतात, उकडून खातात, लाडू वळतात, हे त्या कायद्याच्या डोक्यात नव्हतं. वर्गात मोहाचं नाव निघालं की मागच्या बाकावर खुसखुस होते. ज्याच्या घरी फुलं वेचतात त्या मुलालाच मी पुढे बोलावतो आणि वेचणीपासून वाळवणीपर्यंत त्यालाच सांगायला लावतो. खुसखुस थांबते.

६. टरबूज थंड का गोड लागतं याचं उत्तर फ्रिजमध्ये नाही, फ्रुक्टोजमध्ये आहे.

फ्रुक्टोजचे रेणू पाण्यात अनेक रूपांत वावरतात आणि त्यातलं एकच रूप फार गोड. थंडीत त्या रूपाचं प्रमाण वाढतं, उष्णतेत घटतं. म्हणून एकाच टरबुजाची दुपारच्या उन्हात तापलेली फोड आणि गार केलेली फोड यांत साखर तेवढीच, गोडी वेगळी. सुक्रोजला १०० धरलं तर ग्लुकोज सत्तरीच्या आसपास, लॅक्टोज विशीच्या खाली-वर, आणि गार फ्रुक्टोज शंभराच्या बरंच पुढे. मग जिभेवरून साखरेचा अंदाज कसा बांधणार? दूध आपल्याला गोड वाटत नाही, पण पेलाभर दुधात दोन चमचे साखरेइतकं लॅक्टोज असतंच.

७. दूध सोसत नाही आणि ताक सोसतं, हे नखरे नाहीत.

लॅक्टोज फोडणारं विकर लहानपणी भरपूर, पुढे पुष्कळांचं कमी होतं. न फुटलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात गेलं की तिथले जिवाणू त्याच्यावर ताव मारतात. पोट फुगतं, गुरगुरतं. दह्याचे जिवाणू लॅक्टोजचा काही भाग आधीच संपवतात, ताकात पाणी घातल्याने ते आणखी पातळ होतं. पनीर केल्यावर उरलेलं हिरवट पाणी फेकू नका, बेनेडिक्टला द्या; लॅक्टोज बहुतेक सगळं तिथे उतरलेलं असतं. खवा आटवताना तो तांबूस होतो तेव्हा हेच लॅक्टोज दुधाच्या प्रथिनांशी जुळत असतं. ही क्रिया १९१२ मध्ये लुई कामिय मेलार या फ्रेंच शास्त्रज्ञाने वर्णन केली. तिचा उल्लेख पुढे पुन्हा करायचा आहे.

८. "सर, गुयाचा चहा चालते न?"

घरात कोणाला मधुमेह असला की पालकसभेला हमखास येणारा प्रश्न. मी डॉक्टर नाही, पण रसायन तर सांगू शकतो: आतड्यात गेल्यावर गुळातलं सुक्रोज आणि साखरेतलं सुक्रोज एकाच विकराने फुटतं, आणि निघणारं ग्लुकोज कोणत्या डब्यातून आलं हे रक्ताला कळत नाही. मधाचंही तेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की वरून घातलेली साखर, मध, सरबतं आणि फळांचे रस यांतली साखर एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावी, जमल्यास पाच, म्हणजे दिवसाला साधारण सहा चमचे. अख्ख्या फळातली साखर या हिशेबात नाही. संत्रं सोलून खाल्लं तर ते फळ. चार संत्री पिळून पेला भरला तर तो रस. संत्र्याच्या गावात हे सांगणं थोडं धाडसाचंच.

फ्रुक्टोजचा एक डाव वेगळा. ते बहुतांशी यकृतात जातं, त्यामुळे बोट टोचून रक्तातली साखर मोजायच्या यंत्रात फारसं दिसत नाही. दिसत नाही म्हणून निरुपद्रवी, असा अर्थ काढून फ्रुक्टोजची 'डायबेटिक' मिठाई विकली जायची. जास्त झालं तर यकृत त्याची चरबी करतं.

त्या यंत्राबद्दल एक व्यवहाराची गोष्ट, जी दवाखान्यातून परतताना कोणी सांगत नाही. शिताफळ किंवा संत्रं खाल्लेल्या हाताने बोट टोचू नका. कातडीवर राहिलेला रसाचा पुसट थर थेंबात मिसळतो आणि आकडा भलताच चढतो. स्पिरिटच्या बोळ्याने पुसणं पुरत नाही. साबणाने धुवा, कोरडं करा, मग टोचा.

आणि तीन महिन्यांची साखर दाखवणारी एचबीए१सी तपासणी म्हणजे मेलारच्याच घराण्यातली क्रिया. रक्तातलं ग्लुकोज हिमोग्लोबिनला कोणत्याही विकराशिवाय चिकटतं. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, तेवढ्या काळाची नोंद तिच्यावर राहते. खव्याचा तांबूसपणा आणि तपासणीचा आकडा एकाच रसायनातले आहेत हे ऐकून एका आजोबांनी पेढ्याचा पुडा माझ्या पोराच्या हातात दिला आणि म्हणाले, "घे बाप्पा, तुले चालते."

साखर एकदम उतरली तर उलट. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटणं; माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणं. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही. ज्यांना अकार्बोज नावाची गोळी सुरू आहे त्यांना साखर देऊन लवकर उपयोग होत नाही, कारण ती गोळी सुक्रोज फोडणारं विकरच अडवते. त्यांना ग्लुकोजच हवं. अशा घरात ग्लुकोजची पुडी वेगळी, हाताशी असावी.

९. मीठ-साखर-पाण्यात साखर ताकदीसाठी नसते.

उन्हाळ्यात जुलाबाची साथ आली की प्रत्येक घरात ते करतात आणि प्रत्येक घरात साखर अंदाजाने घालतात. आतड्याच्या पेशीत सोडिअम आणि ग्लुकोज एकाच दारातून, एकमेकांच्या सोबतीने आत जातात. त्यांच्यामागे पाणी जातं. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये ही कल्पना मांडली. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली, सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचं पाणी पिंपातून पाजलं. तिथला मृत्युदर तीस टक्क्यांच्या घरातून चार टक्क्यांच्या खाली आला. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं, फार उशिरा.

घरचं प्रमाण: एक लिटर स्वच्छ पाणी, सपाट सहा छोटे चमचे साखर, सपाट अर्धा छोटा चमचा मीठ. साखर वाढवली तर फायदा वाढत नाही, उलट ती आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. बाटलीतली गोड पेयं जुलाबात देऊ नयेत ती याचसाठी.

१०. थिजलेला मध नकली नव्हे.

मधात फ्रुक्टोज थोडं जास्त, ग्लुकोज थोडं कमी. थंडीत ग्लुकोजचे दाणे धरतात, एवढंच. काडी पेटवून किंवा पाण्यात थेंब सोडून मधाची परीक्षा करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. बेनेडिक्टलाही भेसळ कळत नाही, कारण भेसळीच्या पाकातही हीच ग्लुकोज-फ्रुक्टोजची जोडी असते. ऊस आणि मका यांची साखर कार्बनच्या समस्थानिकांवरून पकडता येते. तांदळाच्या पाकाला ती चाचणीही पकडत नाही, कारण भात आणि फुलझाडं कार्बन एकाच पद्धतीने घेतात. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र कोणताच मध चाटवू नये, असली असो की नकली.

११. निळ्या द्रावणाचीही साक्ष तपासून घ्या.

एका वर्षी कोणीतरी आवळा आणला. आंबट-तुरट, गोडीचा मागमूस नाही, आणि नळी झरझर रंग बदलत गेली. वर्ग चक्रावला. आवळ्यात क जीवनसत्त्व भरपूर आणि तेही मोरचुदातल्या तांब्याशी तीच क्रिया करतं. बेनेडिक्टला समोर साखर आहे की आणखी कोण, हे ओळखता येत नाही, समोरच्याने इलेक्ट्रॉन दिले एवढंच कळतं. तेव्हापासून आम्ही प्रत्येक लाल नळीनंतर दुसरा प्रश्न विचारतो: यीस्ट घातल्यावर यातून बुडबुडे येतात का? ग्लुकोज असेल तर येतात, क जीवनसत्त्वाने येत नाहीत. येत्या उन्हाळ्यात टेंभरं तपासायची आहेत. पिकली की मधासारखी, कच्ची असताना जीभ आवळणारी. तुरटपणा देणारी टॅनिन्सही या द्रावणाचा रंग बदलू शकतात, म्हणून कच्ची आणि पिकली दोन्ही लागतील, आणि यीस्टची पुडी.